वाकडं पातं

दिवाळी अंकात लिहायला माणूस काहीतरी नामांकित असावा लागतो, असा माझा समज होता. संपादकांनी तो मोडून काढला. "तुमच्या त्या विमानाच्या खोलीबद्दल लिहा," म्हणाले. आता खोलीबद्दल लिहायचं, तर आधी पार्सल ऑफिसबद्दल लिहावं लागेल. कारण मला जी काही अक्कल आहे ती तिथली. उरलेली बायकोची.

लोणावळा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात माझी सगळी नोकरी झाली. पार्सलबाबू म्हणजे पावत्या फाडणारा, असं लोकांना वाटतं. पण माझ्याकडे आणखी एक खातं होतं, बेवारस सामानाचं. गाडीत, फलाटावर, वेटिंगरूममध्ये लोक जे जे विसरून जातील ते माझ्या मागच्या खोलीत येऊन पडायचं. छत्र्या, ट्रंका, फिरकीचे तांबे, पानाचे डबे. एकदा तर मुंडावळ्या आल्या होत्या. त्या न्यायला कुणी आलं नाही. लग्न कसं लागलं असेल, याचा विचार मी आणि माझी बायको अजूनही अधूनमधून करतो.

आमच्या हेडबाबूंनी पहिल्याच दिवशी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, वस्तू आली तशी ठेवायची. पुसायची नाही, शिवायची नाही, दुरुस्त तर मुळीच करायची नाही. फाटकी पिशवी फाटकीच राहू द्यायची, कारण मालक तिला फाटकी म्हणूनच ओळखणार. दुसरी गोष्ट, मागायला येईल त्याला खूण विचारायची. खूण पटली तर वस्तू त्याची, मग तो हमाल असो की संस्थानिक.

एक गृहस्थ छत्री मागायला आले. म्हटलं, खूण सांगा. म्हणाले, काळी आहे. म्हटलं, साहेब, या खोलीतल्या सगळ्याच काळ्या आहेत. म्हणाले, मूठ वाकडी आहे. म्हटलं, सगळ्यांचीच आहे. ते चिडले, रेल्वेला दोन शब्द ऐकवले, आणि दारापर्यंत जाऊन एकदम परत फिरले. "आतल्या एका काडीला बायकोनं लाल दोरा बांधलाय हो!" छत्री उघडली, दोरा सापडला. हरवलेलं सापडल्यावर माणसाचा चेहरा जो होतो, तो पाहायला मला सरकार पगार देत होतं. याहून चांगली नोकरी मला तरी माहीत नाही.

निवृत्त होऊन मी मळवलीला घरी आलो तेव्हा दुसरी मोठी लढाई संपत आली होती. त्याच श्रावणात विसापूरच्या मागच्या डोंगरात एक लढाऊ विमान पडलं. एका इंजिनाचं, एकाच माणसाचं. त्या दिवसांत आमच्या डोंगरावर धुकं असं उतरतं, की गुराख्याला आपली म्हैस हात लावून ओळखावी लागते. वैमानिकाला डोंगर दिसला नसणार. बिचारा जागीच गेला. मिलिटरीचे लोक चिखल तुडवत आले, त्याचा देह नेला, बंदुका आणि घड्याळं-काटे काढून नेले. बाकीचं धूड त्या उतारावरून खाली आणणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. ते तिथेच राहिलं.

पण मावळातला माणूस डोंगरात काही वाया जाऊ देत नाही. वर्षभरात त्या विमानाचे संसाराला लागलेले तुकडे सगळ्या पंचक्रोशीत पसरले. शेपटीचं चाक भाजे गावच्या एका विहिरीवर रहाटाला लागलं. मोठ्या चाकाच्या टायरच्या वहाणा झाल्या, आणि त्या इतक्या टिकल्या की वापरणाऱ्याचे पाय आधी थकले. वैमानिकाच्या डोक्यावरच्या जाड काचेचे तुकडे घासून पोरींनी बोटातल्या अंगठ्या केल्या. देवले गावच्या एका बाईंकडे मी काही कामाने गेलो होतो, तर त्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्याचं दार म्हणजे विमानाचा पत्रा, आणि त्यावर सैन्याची रंगीत गोल खूण. कोंबडी आत-बाहेर करायची ती त्या खुणेला पाठ घासत.

ते दार पाहिलं आणि माझ्यातला पार्सलबाबू जागा झाला. हे सगळं बेवारस सामान. ना चिठ्ठी, ना नोंद. उद्या कुणी मागायला आलं, तर कोण काय दाखवणार? गावकीला विनंती केली. स्टेशनमागची जुनी धर्मशाळा रिकामी पडली होती, तिच्यातली एक खोली गावकीने दिली. तीच आमची विमानखोली. गावात मात्र बोलणं एवढंच झालं, "पार्सलभाऊंना रिकामपण सोसंना, भंगार गोळा करायला लागले."

हे काम कसं चालतं ते सांगतो. लोकांना वाटतं, संग्रह करणारा माणूस वस्तू मागतो आणि लोक देतात. फुकट कोण देईल? खुराड्याचं दार काढून नेलं, तर त्या रात्री मुंगूस कोंबडी नेईल, आणि ती बाई जन्मभर माझ्या नावाने बोटं मोडेल. म्हणून आमच्या खोलीचा पहिला नियम, वस्तूला वस्तू. दार न्यायचं तर आधी दुसरं दार बसवून द्यायचं, आणि ते पहिल्यापेक्षा घट्ट बसलं पाहिजे. रहाटाचं चाक घ्यायला मी सागवानी चाक करवून नेलं, तरी विहिरीचे मालक म्हणाले, "ह्ये कुरकुरतंय. त्ये इमानाचं कसं गप फिरायचं." इंजिनावरच्या झाकणाचा पत्रा एका आजीबाईंनी पापड वाळवायला घेतला होता. तो त्यांनी पापडांचा हंगाम संपल्यावरच दिला, आणि पुढच्या हंगामात दोन दिवस परत नेला. संग्रहालयातली वस्तू पापडांसाठी बाहेर देणारी जगातली ही एकटीच खोली असेल, पण मला त्यात कमीपणा वाटला नाही. वस्तू वापरणारा माणूस वस्तूला विसरत नाही.

गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची. पहिल्या लढाईत इराकला गेलेले एक म्हातारे सुभेदार दर रविवारी यायचे, दारात उभे राहून कडक सलाम ठोकायचे आणि मग मला शिकवायचे. त्यांच्या वेळची विमानं लाकडाची आणि कापडाची होती. कापडाला खळीसारखं काहीतरी लावून ताठ करायचे, आणि त्याचा वास असा यायचा की उंटसुद्धा तोंड फिरवायचे. त्यांनी ट्रंकेत जपलेला तसल्या कापडाचा तळहाताएवढा तुकडा खोलीला दिला. बदल्यात काय देऊ, विचारलं, तर म्हणाले, "खुर्ची." तेव्हापासून खोलीत एक खुर्ची आहे आणि रविवारी ती त्यांची असते. लोणावळ्याच्या एका बंगल्यातले शेठ आले, सगळं बघून म्हणाले, "बाकी ठीक आहे, पण हे सगळं मोडकं का ठेवलंय?" म्हटलं, शेठ, हे पडलं तेव्हा मोडलं. ते म्हणाले, "मग न पडलेलं ठेवायचं!"

एक वस्तू मात्र मला मिळाली नाही. विमानाच्या पंख्याला तीन पाती होती. दोन पाती त्यांच्या मधल्या तुंब्यासकट ओढ्यात अडकून पडली होती. तिसरं मुळातून तुटून वर कातळवाडीजवळ फेकलं गेलं होतं. कातळवाडी ही डोंगरातली आदिवासींची लहानशी वस्ती. तिथल्या चिमामावशी विमान पडल्यावर सगळ्यांत आधी पोचल्या होत्या. मिलिटरी येईपर्यंत त्या मेलेल्या वैमानिक पोराच्या अंगावर आपली घोंगडी घालून जवळ बसून राहिल्या होत्या. लढाईत गेलेला माणूस वीर होतो आणि वीराचा दगड लावायचा असतो, ही तिथली रीत. दगड घडवायला पाथरवट कुठून आणायचा? पातं होतंच. मावशींनी ते हिरड्याच्या झाडाखाली रोवलं, शेंदूर लावला, आणि अमावास्येला नारळ सुरू केला.

मी नियमाप्रमाणे विचारायला गेलो. "मावशी, हे पातं खोलीत ठेवू या. बदल्यात काय देऊ बोला."

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "भाऊ, देवाच्या बदल्यात काय देशील तू?"

मी नारळ ठेवला आणि परत आलो.

आता नामदेवाबद्दल सांगतो, कारण हा सगळा लेख खरं तर त्याच्यामुळेच आहे. परंदवडीचा हा पोरगा लढाईच्या काळात पुण्याजवळच्या विमानतळावर फिटर होता. लढाई संपल्यावर शेतीवर परत आला. एके दिवशी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. काखेत कॅनव्हासची गुंडाळी होती, पाने-पक्कडी ठेवायची असते तसली.

"भाऊ, ही तुमच्या खोलीत ठेवा. माझ्या घरात नको."

"अरे, हत्यारं म्हणजे कारागिराची लक्ष्मी. ती कुणी घराबाहेर काढतं का?"

त्याने अंगणातल्या कोंबड्यांकडे तोंड फिरवलं. मग बोलला. "त्या दिशी सकाळी त्ये इमान माझ्या हातनं गेलतं. तेलाच्या नळीचा नट आवळत व्हतो. तेवढ्यात मागनं कुनी हाक मारली. मी वळून बगितलं. मग परत आवळला का न्हाई, त्ये आठवत न्हाई. आवळला आसंल. हात आपसूक आवळतो. पर आठवत न्हाई."

घरातून निघाल्यावर कुलूप लावलं की नाही, अशी शंका सगळ्यांनाच येते. आपण परत जाऊन कडी ओढून बघतो आणि हसतो. या पोराला परत जाऊन बघायला विमानच उरलं नव्हतं. नळी सुटली तर तेल जातं, तेल गेलं की इंजिन बंद पडतं, आणि इंजिन बंद पडलं की विमान खाली येतं. साहेब लोकांनी त्याला प्रश्न विचारले, पण कारण काही ठरलं नाही. कुणी दोष दिला नाही आणि कुणी सोडवलंही नाही. तेव्हापासून त्याने पाना हातात धरला नव्हता. त्याच्या चुलत्यांच्या भातगिरणीचं इंजिन बंद पडलं, तर हा दारात हात मागे बांधून उभा राहिला आणि चुलत्यांनी तळेगावहून माणूस आणला. एवढा हुशार कारागीर नुसता नांगर धरून बसलेला पाहून मला फार वाईट वाटलं.

"एकदा खोलीत येऊन तर बघ," मी म्हटलं.

"हिम्मत न्हाई, भाऊ."

मी गुंडाळी घेतली. भिंतीवर खिळा ठोकून टांगली आणि चिठ्ठी लावली, 'विमानाची हत्यारं. नामदेव, परंदवडी.' उघडून मात्र पाहिली नाही. हेडबाबूंची शिकवण.

पुढल्या वर्षी भाद्रपदाच्या अखेरीस पाऊस उघडला आणि आम्ही ओढ्यातला तो पंखा आणायचं ठरवलं. हे एकट्यादुकट्याचं काम नव्हतं. भाज्याचा मारुती लोहार पुढे झाला. "इर्जिक घालू," म्हणाला. इर्जिक म्हणजे एकाच्या कामाला सगळ्या गावाने आपापले बैल घेऊन यायचं, मजुरी घ्यायची नाही, फक्त पोटभर जेवायचं. एरवी ते नांगरटीला घालतात. विमानाला घातलेलं पहिलंच. भल्या सकाळी बैलांच्या जोड्या चढल्या, ओंडक्यांवरून, दोरांनी ओढत, शिव्या देत आणि हसत पंखा खाली आला. दोन्ही पाती चांगलीच वाकली होती. मारुतीने त्यांच्यावरून हात फिरवला आणि तोंडाने 'च् च्' केलं. मी ते ऐकलं, पण त्यातला अर्थ माझ्या ध्यानात आला नाही. मटणाच्या रश्शाकडे लक्ष होतं.

नवरात्रात मी चिंचवडला लेकीकडे गेलो आणि दसऱ्याच्या सकाळी परत आलो. खोलीसमोर शेणसडा, दाराला झेंडूचं तोरण, आत उदबत्त्यांचा वास. आदल्या दिवशी खंडेनवमी झाली होती, हत्यारांच्या पूजेचा दिवस. मधोमध पंखा मांडला होता. हळदकुंकू, फुलं, सगळं यथासांग. आणि दोन्ही पाती सरळ! नुसती सरळ नव्हे, तर चंदेरी रंग देऊन अशी चकचकीत केलेली की त्यात तोंड दिसावं.

शेजारी मारुती उभा. लेकीचं लग्न लावून दिलेल्या बापासारखा दिसत होता.

"मारुती, हे काय केलंस?"

"भाऊ, वाकडं हत्यार पुजत्यात व्हय? कुनाचा कोयता वाकला तर खंडेनवमीच्या आधी मी सरळ करून देतो. ह्ये तर सैन्याचं हत्यार. लय ताकद लागली. आधी कोळशावर हळूहळू शेकलं, मग लाकडाच्या हातोड्यानं मारलं. पोलादी मारला न्हाई, डाग पडत्यात."

हेडबाबू हयात असते तर तिथेच बसकण मारली असती. मला रागही आला आणि हसूही. पण समोर गाव उभा, सगळे कौतुकाने बघतायत, बायका म्हणतायत, "आता कसं नव्यावानी दिसतंय!" प्रेमाने केलेल्या कामाला नावं कशी ठेवायची? मीही पंख्याला एक फूल वाहिलं.

त्याच संध्याकाळी नामदेव आला. दसऱ्याला वडीलधाऱ्यांना आपट्याचं सोनं द्यायला जायचं असतं. माझ्या घरी गेला, मी खोलीत आहे कळलं, म्हणून इकडे आला. उंबऱ्याबाहेरच थांबला. आत पंख्याकडे त्याची नजर गेली आणि तिथेच खिळली. मी उठून बाहेर आलो. त्याने माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली, वाकून नमस्कार केला. मग एवढंच म्हणाला, "सरळ हायती."

आणि गेला.

मारुती खूश झाला. "बगितलं भाऊ? इमानाच्या फिटरनं बी पास केलं!" खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं.

दिवाळी आली. पहिल्या दिवशी फराळाचा डबा घेऊन मी परंदवडीला गेलो. नामदेवाची आई दारातच रडायला लागली. दसऱ्यापासून पोरगं धड जेवत नाही, बोलत नाही, दूर कुठेतरी निघून जाईन म्हणतं. तो गोठ्यात बसला होता. शेजारी बसून मी विचारलं, झालं काय?

"तुमी बी बगितलं की. पाती सरळ हायती."

"मग?"

"भाऊ, इंजन चालू आसताना इमान आदळलं, तर फिरती पाती भुईला मार खात्यात. त्यास्नी पीळ पडतो, टोकं फुडल्या अंगाला वळत्यात. इंजन बंद आसंल तर पातं फिरत न्हाई. मग त्ये सरळ ऱ्हातं, न्हाईतर नुसतं मागं दुमडतं. आमाला शिकवलंय त्ये." त्याने दोन्ही तळहात समोर धरले. "सरळ हायती. म्हंजे बंद पडलं व्हतं. नळी सुटली. ह्याच हातांनी मारलं मी त्याला."

मी त्याचे दोन्ही हात धरले. "अरे बाबा, ती मारुतीने सरळ केली! ओढ्यातून आणली तेव्हा वाकडी होती, चांगली वाकडी होती!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विश्वास नव्हता, नुसती माया होती. "मला बरं वाटावं म्हनून सांगताय तुमी."

"देवाशपथ वाकडी होती!"

"कुनीकडं? फुडं का मागं?"

आणि मला सांगता येईना. वाकडी होती एवढंच आठवत होतं. सामान आलं तेव्हा कसं होतं हे बघायचं ज्याचं आयुष्यभराचं काम, तो त्या दिवशी रश्शाकडे बघत होता.

मी त्याला तसाच हाताला धरून उठवला आणि आम्ही थेट भाज्याला मारुतीच्या भात्यापाशी गेलो. सगळं ऐकून मारुतीच्या हातातला चिमटा गळून पडला. तो खाली बसला आणि डोळे मिटून आठवायला लागला. "मी आसं धरलं... न्हाई, मग उलटं केलं. एकीकडनं मारलं, मग पलटून मारलं, मग परत... भाऊ, आईच्यान् सांगतो, धा येळा पलटलं आसंल. कुठली बाजू फुडची, मला कुटं म्हाईत?" त्याने कपाळावर हात मारून घेतला. "मी पुजेसाठी केलं रं नामा. तुझा पुरावा ठोकून काडला मी." एवढा धिप्पाड माणूस रडकुंडीला आलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

नामदेव त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ऱ्हाऊं द्या, दादा. माझ्या नशिबातच न्हाई कळायचं." तो जायला वळला, आणि मारुती ताडकन उठला.

"तिसरं! तिसरं पातं हाय की! कातळवाडीला, देवाजवळ!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं डोंगर चढलो. खाचरांत भाताची कापणी चालली होती, भारे बांधणारे ओळखीचे लोक हाका मारत होते, "भाऊ, आता काय आनायला निघालात?" मारुती वाटभर एकच पुटपुटत होता, "मावशीनं हलवलं नसू दे, कुनी सरळ केलं नसू दे." चढताना नामदेव दोनदा थांबला. दुसऱ्यांदा मला वाटलं, हा आता परत फिरणार. मीही मनातून घाबरलो होतो. पातं मागे दुमडलेलं निघालं तर? तर मीच या पोराला हाताला धरून त्याची फाशी दाखवायला नेत होतो.

हिरड्याखाली चिमामावशी झाडत होत्या. मी त्यांना नामदेव कोण ते सांगितलं. त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि बाजूला झाल्या. "बग बाबा. पर हलवू नगंस."

पातं शेंदराने लालभडक झालं होतं. थरावर थर चढले होते. देवाला कोण सरळ करणार? कोण घासणार, कोण रंग देणार? पडलं तसं ते उभं होतं. शेंदराआडूनही त्याचा आकार चटकन डोळ्यात भरत होता. मध्यावर पीळ, आणि टोक वळलेलं. कुणीकडे, ते मला अजूनही कळत नव्हतं.

नामदेव गुडघ्यांवर बसला. त्याने बुंध्याकडची बाजू चाचपली, तिथला गोल कंगोरा बोटांनी शोधला, पात्याची पुढची बाजू कुठली ते ठरवलं. मग तळहात हळूहळू वर नेला, पिळावरून, टोकापर्यंत. टोकाशी त्याचा हात थांबला. परत खाली आला, परत वर गेला.

"फुडं वळलंय," तो म्हणाला. "पीळ पडलाय. भाऊ... चालू व्हतं."

मारुतीने मोठ्याने देवाचं नाव घेतलं.

"मावशे," नामदेवाने वळून विचारलं, "आवाज कसा येत व्हता? पडायच्या आदी?"

"आता कसा म्हंजे? गुरगुरत आलं की. धुकं लय, दिसंना काय. गुरगुर गुरगुर, आन् धाडदिशी. मधी थांबलं न्हाई." मावशी झाडू टेकवून म्हणाल्या, "मिलटरीवाल्यास्नी सांगनार व्हते. पर मला कुनी इचारलंच न्हाई."

मग नामदेव रडला. लहान मुलासारखा, शेंदराचे हात तोंडाला लावून. मावशी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. रडून झाल्यावर त्याने वीराला नमस्कार केला. म्हणाला, "पोरगं गेलं त्ये गेलंच. पर माझ्या हातनं न्हाई." कपाळावर, गालांवर सगळीकडे शेंदूर लागला होता. मावशींनी पदराने पुसला आणि आम्हाला नाचणीची भाकरी आणि ठेचा वाढला. इतकी चविष्ट भाकरी मी त्यानंतर खाल्लेली नाही.

उतरताना मारुतीला नवीनच कल्पना सुचली. "भाऊ, ती दोन पाती परत वाकवून देऊ का? ह्या तिसऱ्यावानी. हुबेहूब करीन." मी त्याच्यापुढे हात जोडले. आता ती सरळच राहतील. त्यांच्यावर चिठ्ठी आहे, 'मारुती लोहार, भाजे, यांनी खंडेनवमीसाठी सरळ केली.' तीही त्या विमानाच्या गोष्टीतलीच एक गोष्ट झाली. तिसरं पातं बघायचं असेल त्याला मी कातळवाडीची वाट दाखवतो. नारळ घेऊन जा म्हणतो. आणि नवी वस्तू आली, की हात लावायच्या आधी मी चिमामावशींची आठवण काढतो. संग्रह कसा करावा, हे त्या बाईंना कुणी शिकवलं नव्हतं.

भाऊबीज झाल्यावर दोन-चार दिवसांनी नामदेव खोलीत आला. या खेपेला उंबरा ओलांडून आत आला. सुभेदार खुर्चीत होते, त्यांना रामराम केला, आणि माझ्यासमोर ताठ उभा राहिला.

"भाऊ, माझं पार्सल द्या. चुलत्याचं इंजन परत बंद पडलंय. या खेपेला तळेगावचा मानूस आनायचा न्हाई म्हटलं."

मी भिंतीकडे वळलो, आणि हात वर नेता नेता थांबलो. तीस वर्षांची सवय.

"खूण सांग."

तो चमकला. मग हसला. तो हसतो कसा, ते मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. "आतल्या अंगानं ठिगळ हाय. आईच्या जुन्या लुगड्याचं. हिरवं."

गुंडाळी टेबलावर ठेवून सोडली. इतके दिवस माझ्या भिंतीवर होती, पण मी तिची गाठ सोडली नव्हती. आत पाने ओळीने लावलेले, तेल लावून ठेवलेले. आणि मधोमध आईच्या हाताच्या टाक्यांचं हिरवं ठिगळ. सुभेदारांनी खुर्चीतूनच मान हलवून मंजुरी दिली.

"ओळख पटली," मी म्हटलं. "घेऊन जा."

चिठ्ठीवर मी खाली लिहिलं, 'मालकाने नेली,' आणि ती तिथेच राहू दिली. खिळाही काढलेला नाही. पाहुणे त्या मोकळ्या खिळ्याकडे बोट दाखवून विचारतात, इथे काय होतं? मी म्हणतो, बेवारस सामान होतं. मालक आला.